कामाचा व्याप आणि घर: आधी अनिश्चितता कमी करा

तुमच्या पत्राचा गोषवारा असा. तुम्ही एका तांत्रिक टीमच्या प्रमुख आहात. वर्षभरापूर्वी बढती मिळाली, तेव्हापासून काम आवडतंही आहे आणि अंगावरही येतंय. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा तीन. नवरा पूर्णवेळ नोकरीत. संध्याकाळी साडेसहाला तुम्ही घरात असता, पण फोन हातातच असतो. मुलीने एकदा विचारलं, ‘आई, तुझी दोन मिनिटं नक्की केवढी असतात?’ नवरा मदतीला तयार असतो, फक्त ‘काय करायचं ते सांग’ म्हणतो, आणि ते सांगणंच तुम्हाला जड झालंय. शेवटी तुम्ही विचारलंय, की ही जबाबदारी सोडून हलकं काम घ्यावं का.

तो शेवटचा प्रश्न मी मुद्दाम शेवटीच घेणार आहे. नोकरदार आईवडिलांचं समुपदेशन करताना एक गोष्ट सारखी दिसते. माणसं थकव्यात निर्णय घेतात, आणि थकवा नेमका कशाने आलाय हे तपासायचं राहून जातं. तुमच्या पत्रात तासांचा हिशेब भरपूर आहे, पण मला त्यात तासांचं दुखणं दिसलं नाही. साडेसहा ते नऊ हे अडीच तास काही थोडे नाहीत. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला किंवा मालगाडी चालवणाऱ्या माणसाला आठवड्याचे कित्येक दिवस एवढाही वेळ घरी मिळत नाही. तरी त्यातली बरीच घरं नीट चालतात, कारण पाळीचा तक्ता आधीच लागलेला असतो. मंगळवारी बाबा नाहीत, बुधवारी सकाळी आहेत, हे घरातल्या लहानग्यालाही पाठ असतं. तुमच्याकडे उलट आहे. तुम्ही रोज घरी असता, पण कोणत्या क्षणी उठून जाल हे कुणालाच ठाऊक नसतं, तुम्हालाही नाही. कमी वेळाशी मुलं जुळवून घेतात. बेभरवशाच्या वेळाशी जुळवून घेता येत नाही, कारण जुळवायचं कशाशी हेच त्यांना कळत नाही.

हे माझं एकटीचं निरीक्षण नाही. अमेरिकेत डॅनियल श्नायडर आणि क्रिस्टन हार्कनेट यांनी मोठमोठ्या साखळी दुकानांत आणि खाद्यगृहांत तासावर काम करणाऱ्या हजारो लोकांचा अभ्यास केला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत मानसिक त्रास आणि खराब झोप यांचा संबंध कमी पगारापेक्षा आयत्या वेळी बदलणाऱ्या वेळापत्रकाशी अधिक घट्ट निघाला. तुमचा पगार ठरलेला आहे, तुमची परिस्थिती त्यांच्यापेक्षा पुष्कळ बरी आहे. पण आपली संध्याकाळ कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न तोच आहे.

मुलांच्या बाजूनेही बघा. एलन गॅलिन्स्की यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हजारावर मुलांना विचारलं होतं, की आईबाबांच्या नोकरीचा तुमच्यावर जो परिणाम होतो त्यातली एकच गोष्ट बदलता आली तर काय बदलाल? मुलं ‘जास्त वेळ’ मागतील असा बहुतेक पालकांचा होरा होता. वेळ मागणारी मुलं त्या अंदाजापेक्षा फारच कमी निघाली. आईबाबा कमी थकलेले असावेत, कमी ताणात असावेत, असं म्हणणारी त्याहून कितीतरी जास्त होती. म्हणून तुम्हाला मी ‘मुलांसाठी रोज आणखी एक तास काढा’ असं सांगणार नाही. आहेत त्या अडीच तासांना कुंपण घाला, एवढंच सांगेन. आणि हे कुंपण घरात नाही, ऑफिसात घालावं लागतं.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या मांडणीतला एक भाग तुमच्यासाठी फार कामाचा आहे. काही नोकऱ्या हावऱ्या असतात, असं त्या म्हणतात. नुसतं जास्त काम नव्हे, तर कधीही हाक मारली की हजर राहण्याची तयारी दाखवली, तर त्या प्रमाणाबाहेर मोबदला देतात. घरातल्या एकाने अशी नोकरी धरली, की दुसऱ्याला घरच्या अडीअडचणींसाठी हाताशी राहावं लागतं, आणि हा दुसरा माणूस बहुतेक वेळा बाईच असते. यातून वाट कुठे निघते? गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी अमेरिकेतल्या फार्मासिस्टांचं उदाहरण दिलंय. पूर्वी स्वतःचं दुकान, स्वतःची गिऱ्हाइकं, म्हणून मालकाला सतत हजर राहावं लागे. पुढे मोठी साखळी दुकानं आणि इस्पितळं आली, औषधं बऱ्यापैकी एकसारखी झाली, गिऱ्हाइकाची सगळी नोंद संगणकावर आली. आता एका फार्मासिस्टच्या जागी दुसरा सहज उभा राहू शकतो, आणि कमी तास काम केलं म्हणून तासाचा दर फारसा घसरत नाही. लोक काही जास्त प्रेमळ झाले नाहीत. कामाची घडण बदलली.

तेव्हा स्वतःला विचारायचा प्रश्न असा: संध्याकाळी साडेसात वाजता माझ्या जागी दुसरं कुणी उत्तर देऊ शकतं का? आणि देऊ शकत नसेल, तर का नाही?

याचं उत्तर अंदाजाने देऊ नका. दोन आठवडे एक साधी नोंद ठेवा. ऑफिस सुटल्यानंतर आलेला प्रत्येक फोन आणि मेसेज: कुणाचा, कशाबद्दल, सकाळपर्यंत थांबला असता का, दुसऱ्या कुणाला जमला असता का. मी हे ज्यांना करायला लावते, त्यांच्या नोंदीत साधारण तीन ढीग पडतात. पहिला ढीग खऱ्या आणीबाणीचा, आणि तो माणसाला वाटत असतो त्याहून नेहमीच लहान असतो. दुसरा, तुम्ही लगेच उत्तर देता म्हणून विचारणाऱ्यांचा. त्यांना उत्तर तुमच्याकडूनच हवं असतं असं नाही, फक्त तिथून चटकन मिळतं हे त्यांना कळलेलं असतं. तिसरा ढीग महत्त्वाचा. यातली माहिती तुमच्याखेरीज कुणाकडेच नसते. कोणत्या गिऱ्हाइकाला काय कबूल केलंय, ती जुनी यंत्रणा बंद पडली तर आधी काय बघायचं, अमुक परवानगी कुणाकडून घ्यायची. बढती मिळालेल्या हुशार माणसांचा हा ढीग फुगलेला असतो, आणि खरं सांगायचं तर त्यांना तो थोडा आवडतही असतो. आपल्यावाचून अडतं, यात एक सुख आहे. त्या सुखाचे पैसे घरचे भरतात.

तिसऱ्या ढिगाचा उपाय कंटाळवाणा आहे: लिहून ठेवणं आणि दुसऱ्या माणसाला तयार करणं. दर आठवड्याला त्यातली एक गोष्ट घ्या, पानभर टिपण करा, आणि टीममधल्या एकाला तुमच्यासमोर ती करायला लावा. पहिल्या खेपेला तुम्ही ती स्वतः केली असती त्याच्या दुप्पट वेळ जाईल. जाऊ द्या.

दुसऱ्या ढिगासाठी मात्र टीमचा करार लागतो, एकटीच्या निश्चयाने तो हलत नाही. हार्वर्डच्या लेस्ली पर्लो यांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपमध्ये केलेला प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सल्लागारांचं काम म्हणजे चोवीस तास गिऱ्हाइकाच्या दिमतीला, अशी तिथली पक्की समजूत. पर्लो यांनी टीममधल्या प्रत्येकाला आठवड्यात ठरावीक वेळ सक्तीने मोकळा ठेवायला सांगितलं. एका प्रयोगात अख्खा दिवस, दुसऱ्यात एक संध्याकाळ. त्या वेळात काम नाही, मेल नाही, फोन नाही, आणि तेव्हा काम ऐन भरात असलं तरी सुट्टी घ्यायचीच. सुरुवातीला लोकांनाच ती नकोशी झाली, मागे पडू अशी भीती वाटली. पण ती वेळ ठरलेली असल्याने टीमला आधीपासून बोलावं लागलं: तू नसशील तेव्हा कोण बघेल, त्याला काय माहीत असायला हवं. कामाबद्दलचं समाधान वाढलं, आणि आपसातलं बोलणं सुधारल्याने कामही सुधारलं. ‘जमेल तेव्हा लवकर जा’ ही सवलत असते, तिने कामाच्या पद्धतीवर काही परिणाम होत नाही. ‘गुरुवारी साडेसहानंतर ही नाही’ असं ठरलं, की पद्धत बदलावीच लागते.

वरिष्ठांकडे जाताना हीच भाषा वापरा. ‘मला घरासाठी वेळ हवा’ असं म्हटलंत तर समोरचा सहानुभूती दाखवेल आणि पुढच्या आठवड्यात विसरेल. नोंद पुढे ठेवून असं बोला: ‘दोन आठवड्यांत संध्याकाळनंतर इतके फोन आले. त्यातले खरे तातडीचे इतके. साडेसहा ते नऊ या वेळात टीममधला एकजण आळीपाळीने पहिलं उत्तर देईल. यंत्रणा पूर्ण बंद पडली किंवा डेटा धोक्यात आला, तरच तो मला फोन करेल, मेसेज नाही. सहा आठवडे करून बघू, मग आकडे परत मांडते.’ तातडी म्हणजे काय, याची व्याख्या एका ओळीत लिहून द्या. व्याख्या नसली की सगळंच तातडीचं होतं. ‘मेसेज नाही, फोन’ हा तपशीलही किरकोळ समजू नका. तातडीचं काही असलं तर फोन वाजेलच, ही खात्री असली की दर पाच मिनिटांनी स्क्रीन बघावी लागत नाही. तुम्ही घरी आल्यावर जे करता, त्यातलं निम्मं म्हणजे काही आलंय का हे बघणं असतं, असा माझा अंदाज आहे.

आणि हो, टीममधल्या ज्याची पाळी असेल त्यालाही घर आहे. आपली संध्याकाळ सोडवून ती कायमची त्याच्या गळ्यात बांधायची नाही. पाळी फिरली पाहिजे, आणि त्यात कधीतरी तुमचंही नाव आलं पाहिजे. त्या आठवड्यात मुलीला आधीच सांगून ठेवा, ‘या आठवड्यात माझी पाळी आहे, फोन वाजला तर मी उठेन.’ तिला तेही चालेल. तिने विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ हाच आहे, की मला खरा आकडा सांग. वीस मिनिटं लागणार असतील तर वीस सांगा. घड्याळात काटा कुठे येईल तेव्हा मी मोकळी होईन ते दाखवा, आणि तो तिथे आला की काम अर्धवट असलं तरी उठा. हे चारपाच वेळा घडलं की मुलं वाट बघायला शिकतात. ‘दोन मिनिटं’ म्हणून पाऊण तास लावला की ती दर दोन मिनिटांनी येऊन ओढणारच.

आता ऑफिस आणि घर यांच्या मधल्या अर्ध्या तासाकडे येते, कारण माझ्या मते घरातली निम्मी भांडणं इथे जन्म घेतात. रेना रेपेटी आणि जेनिफर वुड यांनी १९९७ मध्ये एक नेटका अभ्यास प्रसिद्ध केला. कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरात आई मुलाला घ्यायला येते, त्या भेटीची पहिली काही मिनिटं त्यांनी चित्रित केली. ज्या दिवशी कामाचा बोजा जास्त, त्या दिवशी आया मुलांशी कमी बोलत होत्या, माया कमी दाखवत होत्या. चिडत होत्या असं नाही, मिटलेल्या होत्या. तीन वर्षांच्या मुलाला ‘आज मीटिंग वाईट झाली’ हे कळत नाही. त्याला एवढंच दिसतं, की आई आली पण अजून आली नाही. मग तो पायाला लोंबकळतो, ओरडतो, काहीतरी सांडतो. आपण त्याला हट्टी म्हणतो.

डोकं मागेच का राहतं, याचं एक कारण सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही अंश पहिल्याच कामाला चिकटून राहतो. पुढे त्यांनी आणि थेरेसा ग्लॉम यांनी त्यावर सोपा उपाय तपासला: काम सोडण्याआधी मिनिटभर थांबून, आपण कुठे आहोत आणि परत आल्यावर सुरुवात कशाने करायची, हे लिहून ठेवायचं. तेवढ्याने पुढच्या कामात लक्ष चांगलं लागतं.

तुमच्या बाबतीत हे असं करा. सहाला निघायचं असेल तर पावणेसहानंतर नवीन काहीच उघडायचं नाही. कागदावर तीन ओळी: काय अर्धवट राहिलं, उद्या पहिलं काय करायचं, आज कुणाला काय कळवायचं राहिलंय. तिसऱ्या ओळीतलं असेल ते तिथल्या तिथे कळवून टाका, कारण वाटेत आणि घरात कुरतडतं ते बहुधा तेच. घराच्या दाराबाहेर फोनचा आवाज फक्त ठरलेल्या माणसांसाठी चालू ठेवा आणि फोन बॅगेत टाका. बॅग दाराजवळच राहू द्या. घरात शिरल्यावर पहिली दहा मिनिटं कुठलंही काम करायचं नाही. आवराआवर नाही, ‘गृहपाठ झाला का’ नाही. खाली बसायचं. धाकट्याला त्या वेळी तुमची मांडी हवी असते, गप्पा नकोत. थोरलीला उलट थोडं अंतर लागतं. ती आधी आजूबाजूला घुटमळेल आणि तुम्ही काही विचारलं नाहीत तर आपणहून बोलेल. ‘शाळा कशी होती?’ या प्रश्नाला कुठलंही मूल ‘बरी’ यापलीकडे उत्तर देत नाही. ही दहा मिनिटं दिली की पुढचा तासभर मुलं बऱ्यापैकी सुटी राहतात. ती वाचवायला गेलात की तासभर खेचाखेच. घरून काम करणाऱ्यांना तर हा उंबरठा मुद्दाम तयार करावा लागतो: लॅपटॉप मिटून कपाटात ठेवणं, दहा मिनिटं खाली चालून येणं, कपडे बदलणं, काहीही.

एक गोष्ट जाता जाता. जेफ्री ग्रीनहाउस आणि निकोलस ब्यूटेल यांनी १९८५ मध्ये काम आणि घर यांच्यातल्या ओढाताणीचे तीन प्रकार सांगितले: वेळेची, ताणाची आणि वागणुकीची. पहिल्या दोन सगळ्यांना माहीत असतात. तिसरी टीमप्रमुखांना छळते. जे वागणं ऑफिसात कामाचं असतं, म्हणजे मुद्द्यावर येणं, चटकन निर्णय देणं, पुढचं विचारणं, तेच घरात झोंबतं. मुलगी मैत्रिणीशी झालेलं भांडण सांगतेय आणि आपण तिसऱ्या वाक्याला तोडगा दिलाय, असं होत असेल तर तोंड मिटा. तिला बैठक घ्यायची नसते.

आता नवरा आणि त्याचं ‘सांग, मी करतो’. यात त्याचा हेतू चांगला आहे, हे धरूनच बोलते. एक काम जवळून बघू: मुलाचे बूट. चालताना तो टाच वर काढतोय हे आधी कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं. मग बूट लहान झालेत की मोजा टोचतोय हे बघायचं, पाऊल मोजायचं, शाळेला कोणता रंग चालतो ते आठवायचं, दोनतीन पर्याय बघायचे, एक ठरवायचा, आणायचा, घालून बघायचा, बसत नसेल तर बदलून आणायचा, जुने कुणाला द्यायचे ते ठरवायचं, आणि चार महिन्यांनी पुन्हा टाचेकडे लक्ष ठेवायचं. यात ‘आण’ हे एकच काम डोळ्यांना दिसतं, आणि नवरा तेवढंच करायला तयार असतो. ॲलिसन डॅमिंजर यांनी ३५ जोडप्यांशी बोलून २०१९ मध्ये हेच मांडलं. घर चालवण्यातल्या विचाराचे चार टप्पे त्यांनी सांगितले: गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि नंतर पाठपुरावा करणं. निर्णय जोडपी बऱ्यापैकी एकत्र घेतात. पहिला आणि शेवटचा टप्पा मात्र बहुतेक बाईच्या डोक्यात असतो. तुम्हाला जड झालंय ते हे. घरातही तुम्ही टीमप्रमुखच आहात, आणि इथे बदलीला माणूस नाही.

म्हणून कामं वाटू नका, खाती वाटा. ‘आज तू डॉक्टरकडे ने’ असं नाही, तर मुलांचं आरोग्य हे खातं त्याचं: लसीची तारीख लक्षात ठेवण्यापासून औषध संपत आलंय हे दिसेपर्यंत. शाळेचा पत्रव्यवहार एकाचा, कपडे आणि बूट एकाचे. शाळेच्या नोंदीत ज्याचं खातं त्याचा नंबर पहिला टाका, नाहीतर फोन तुम्हालाच येत राहतील. खातं सोपवलं की त्यातली पद्धत त्याची. कमीत कमी काय व्हायलाच हवं ते दोघांनी एकदा बसून ठरवा, मग आठवण करून द्यायची नाही. हे बोलायला सोपं, पाळायला महाकठीण आहे. एखादी तारीख त्याच्याकडून चुकेल, आणि जीभ चावून गप्प बसावं लागेल. जिवाशी खेळ होणार असेल तिथे अर्थात गप्प बसू नका. पण वह्यांना कव्हर नाही म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. तुम्ही आठवण केलीत, की ‘आधी ओळखणं’ हा टप्पा तुमच्याकडे परत आला. मी पाहिलेल्या घरांत खाती बदलल्यावर पहिला महिना आधीपेक्षा वाईट जातो. तो सोसला तर पुढे हलकं होतं.

मुलाला ताप आला की कामावर कोण जाणार नाही, हेही त्या दिवशी सकाळी सात वाजता ठरवायचं नाही. लहान मूल वर्षातून बरेचदा आजारी पडणार, हे आधीच माहीत आहे. तारीख तेवढी माहीत नाही. आठवड्याच्या सुरुवातीला वीस मिनिटं दोघांनी दिनदर्शिका समोर घेऊन बसा आणि प्रत्येक दिवसापुढे एक अक्षर लिहा: आज अचानक काही झालं तर कोण निघणार. त्याची महत्त्वाची बैठक असेल त्या दिवशी तुम्ही, तुमची असेल त्या दिवशी तो. दोघांचीही असेल तर तिसरं माणूस कोण, त्याला आत्ताच विचारून ठेवा. तेवढ्या वीस मिनिटांत ‘माझं काम महत्त्वाचं की तुझं’ हे भांडण निम्म्याने कमी होतं, कारण ते थंड डोक्याने आधीच झालेलं असतं. एकट्या पालकाला ही दोन अक्षरं मिळत नाहीत. त्याने तिसऱ्या आणि चौथ्या माणसाची यादी आणखी लवकर बांधायला हवी, आणि आपली परिस्थिती वरिष्ठांना अडचण येण्याआधी सांगून ठेवायला हवी.

झोपेबद्दल थोडक्यात. मुलं झोपल्यावर दहा ते साडेबारा काम उरकता, असं तुम्ही लिहिलंय. हान्स व्हॅन डॉन्गेन आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या प्रयोगात सलग १४ दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची कामगिरी एकदोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी घसरली होती, आणि त्यांना स्वतःला ते फारसं जाणवत नव्हतं. म्हणजे ते अडीच तास तुम्ही दुसऱ्या दिवसाकडून उसने घेताय. रात्रीचं काम आठवड्यातून दोन ठरलेल्या रात्री ठेवा, बाकीच्या रात्री बंद.

अपराधी वाटण्याबद्दल तुम्ही दोनदा लिहिलंय, म्हणून तेही. मेलिसा मिल्की आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या मुलांची माहिती तपासली, तेव्हा ३ ते ११ वयाच्या मुलांचं वागणं, भावनिक स्वास्थ्य आणि अभ्यास यांचा आईने दिलेल्या तासांच्या संख्येशी ठळक संबंध सापडला नाही. किशोरवयात एकत्र घालवलेल्या वेळाचा मात्र काही फायदा दिसला. आपल्याकडे हिशेब बरोबर उलटा असतो: मूल लहान असताना आई रडते, आणि ते तेरा वर्षांचं झालं की ‘आता त्याचं तो बघतो’ म्हणून मोठी जबाबदारी घेते. तुमची मुलगी नऊची आहे. पुढची पाच-सात वर्षं तिच्याशी बोलायला संध्याकाळ मोकळी असणं हे आत्ताच्या धाकट्यापेक्षाही महत्त्वाचं ठरू शकतं. करिअरचा पुढचा टप्पा आखताना हे डोक्यात असू द्या. आणि अगदी तान्ह्या बाळांबाबत एड ट्रॉनिक यांनी दाखवून दिलंय, की आई आणि बाळ एकमेकांशी सूर जुळलेले असतात ते जेमतेम तीस टक्के वेळ. उरलेला वेळ चुकामूक होते आणि पुन्हा जुळतं. हे पुन्हा जुळवणंच मूल शिकत असतं. एखादी संध्याकाळ वाया गेली, तर झोपताना ‘आज मी फोनवरच होते, तुला राग आला असेल’ एवढं म्हणणं पुरतं. भेटवस्तूने भरपाई करू नका.

आता नोकरी सोडण्याचं. आत्ता ठरवू नका. आधी सहा आठवड्यांची पाळी लावून बघा, दोन खाती सोपवून बघा, मग तीच नोंद पुन्हा ठेवा. फोन कमी झाले आणि तरीही सकाळी उठवत नसेल, तर दुखणं कामाच्या स्वरूपात आहे; विभाग बदलणं, पद बदलणं यावर विचार करा. फोन कमी झालेच नाहीत, आणि वरिष्ठांनी आकडे बघूनही ‘या पदावर हे असंच असतं’ म्हटलं, तर त्यांनी तुम्हाला प्रामाणिक उत्तर दिलंय असं समजा. तेव्हा सोडा. पण सरसकट ‘हलकं काम’ मागू नका. बढतीतला कोणता भाग नकोय तो नेमका मागा: टीम हवी, रात्रीची जबाबदारी नको, किंवा तांत्रिक काम हवं, गिऱ्हाइकांशी बोलणं दुसऱ्याकडे. हलकं काम म्हणून दिलेल्या बऱ्याच जागा पगाराने हलक्या असतात आणि फोनने तितक्याच जड. तिथे जाण्याआधी पगार आणि वेळ दोन्ही घरी मिळून तपासा, आणि नवऱ्याचंही काम त्याच टेबलावर ठेवा. कमी कुणी करायचं हे आधीच ठरलेलं आहे, असं धरून बसू नका.

नवीन जागेच्या मुलाखतीत एक प्रश्न जरूर विचारा: ‘गेल्या महिन्यात या टीममधल्या माणसांना कामाची वेळ संपल्यावर साधारण किती फोन गेले, आणि कुणी रजेवर असेल तर त्याच्या जागी उत्तर कोण देतं?’ उत्तर चटकन आकड्यात आणि नावासकट आलं, तर तिथे कुणीतरी हिशेब ठेवतंय. ‘आमच्याकडे सगळे एका कुटुंबासारखे राहतात’ असं उत्तर आलं, तर पगाराचा आकडा ऐकण्याआधी संध्याकाळचं कलम लेखी मागून घ्या.